पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये पियानो शिकलेलं पारशी पोरगं पुढे फ्रेडी मर्क्युरी झालं

शनिवारची सकाळ. कळंबोली सर्कलची ट्रकची गर्दी कशीबशी मागे पडते आणि गाडी एक्स्प्रेसवेला लागते. बेत ठरलेला असतो, पाचगणी-महाबळेश्वर. कुणीतरी मोबाईल स्पीकरला जोडतं आणि पाच-सहा गाण्यांनंतर ते गाणं लागतंच.

दोनदा धप धप, मग एक टाळी. पुन्हा दोनदा धप धप, मग एक टाळी.

गाणं वुई विल रॉक यू. शब्द कळोत न कळोत, मागच्या सीटवरचं लहान पोरसुद्धा मांडीवर हात आपटून ताल धरतं. क्रिकेटच्या मैदानावर, कॉलेजच्या गॅदरिंगला, कबड्डीच्या सामन्याला, सगळीकडे हा ताल वाजतो.

पण गाडीतल्या फार थोड्यांना माहीत असतं की गाडी ज्या गावाला चालली आहे, त्याच गावात हा आवाज लहानाचा मोठा झाला.

त्याचं नाव फ्रेडी मर्क्युरी. आणि त्याचं खरं नाव फारुख बुलसारा.

आडनावावरूनच कळतं की गडी पारशी. भरूचचे ते भरुचा, बिलिमोऱ्याचे ते बिलिमोरिया, तसे बुलसारचे ते बुलसारा. बुलसार म्हणजे आजचं गुजरातमधलं वलसाड.

फारुखचा जन्म मात्र भारतातला नाही. ५ सप्टेंबर १९४६ रोजी तो जन्मला आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. लवंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटावर तेव्हा सुलतान होता आणि त्याच्या डोक्यावर इंग्रज. वडील बोमी बुलसारा तिथल्या हायकोर्टात कॅशियर होते, आईचं नाव जेर. पुढे एक बहीण झाली, कश्मीरा. सरकारी नोकरी, घरात नोकरचाकर, सगळं ठीकठाक चाललेलं.

प्रश्न होता शाळेचा. बुलसारांनी आठ वर्षांच्या पोराला बोटीत बसवून थेट हिंदुस्थानात पाठवलं. मुंबईत नातेवाईक होते आणि शाळा ठरली होती पाचगणीची सेंट पीटर्स.

इंग्रजांनी थंड हवेसाठी वसवलेल्या पाचगणीत बोर्डिंग शाळांची रांगच होती. सेंट पीटर्स त्यातली एक. शिस्त कडक, घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. आईवडील समुद्रापलीकडे. सुट्टीत इतर पोरं घरी जायची, फारुख बहुतेक वेळा मुंबईच्या नातेवाईकांकडे राहायचा. पोरगं लाजाळू झालं ते झालंच. त्यात वरच्या जबड्यात चार जास्तीचे दात, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. बोर्डिंगमधली पोरं असल्या गोष्टी सोडतात होय? त्यांनी त्याला दातांवरून चिडवायला सुरुवात केली. तोंडावर हात धरून हसायची सवय त्याला आयुष्यभर राहिली.

पण याच शाळेने त्याला दोन गोष्टी दिल्या.

पहिली म्हणजे नाव. शाळेतल्या मित्रांना फारुखपेक्षा फ्रेडी सोपं वाटलं आणि घरच्यांनीही पुढे तेच उचललं.

दुसरी म्हणजे पियानो. रेडिओवर ऐकलेली धून हे पोरगं पियानोवर जशीच्या तशी वाजवतं, हे शाळेच्या लक्षात आलं. मुख्याध्यापकांनी झांझिबारला पत्र पाठवून थोडी जास्त फी भरून त्याला संगीत शिकवावं असं सुचवलं. आईवडील तयार झाले. फ्रेडीने पियानोची चौथ्या ग्रेडपर्यंतची परीक्षा पास केली. टेबल टेनिस आणि बॉक्सिंगमध्येही तो चमकला.

१९५८ मध्ये पाच मित्रांनी मिळून बँड काढला. नाव द हेक्टिक्स. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची आणि पाचगणीतल्या मुलींच्या शाळेकडून टाळ्या घ्यायच्या, एवढाच कारभार. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. तो मान ब्रूस मरे नावाच्या मित्राचा. फ्रेडी मागे पियानोवर.

त्या पाच जणांतला व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला आणि फारंग इराणीने पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं.

इंग्रजी गाण्यांच्या जोडीला कानावर हिंदी सिनेमाही होताच. लता मंगेशकरांच्या आवाजाचा त्याच्यावर लहानपणी परिणाम झाला, असं त्याच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं.

अभ्यासात मात्र शेवटी घसरण झाली आणि १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. घरी येऊन वर्ष होत नाही तोच, जानेवारी १९६४ मध्ये बेटावर क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली. अरब आणि आशियाई वंशाच्या हजारो लोकांची कत्तल झाली. बुलसारा कुटुंबाने हाताला लागलं ते घेतलं आणि इंग्लंड गाठलं. झांझिबारमध्ये नोकरचाकर असलेलं घर आता लंडनच्या हिथ्रो विमानतळाजवळ, फेल्टममधल्या एका साध्या घरात आलं.

सतरा वर्षांचा फ्रेडी विमानतळावर सामान उचलायची कामं करू लागला. एकीकडे ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाईनचा डिप्लोमा केला. केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलर या मित्रासोबत जुन्या कपड्यांचा स्टॉल टाकला. हा टेलर स्माईल नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. गिटारवर होता ब्रायन मे, जो तेव्हा खगोलशास्त्राचा अभ्यास करत होता आणि पुढे त्यात खरोखरच डॉक्टरेट मिळवणार होता.

१९७० मध्ये स्माईलचा गायक सोडून गेला. जागा रिकामी झाली आणि पाचगणीत मागे बसलेला पोरगा पुढे आला.

आल्या आल्या त्याने बँडचं नाव बदलून क्वीन केलं. स्वतःचं आडनावही बदललं. बुलसारा गेलं, मर्क्युरी आलं. मर्क्युरी म्हणजे बुध. पुढच्या वर्षी जॉन डिकन बेस गिटारवर आला आणि चौकडी पूर्ण झाली. आर्ट कॉलेजचं शिक्षण इथे कामी आलं. फ्रेडीने बँडचं बोधचिन्ह स्वतः काढलं, तेही राशी बघून. दोघे सिंह राशीचे म्हणून दोन सिंह, ब्रायन कर्केचा म्हणून खेकडा, स्वतः कन्या राशीचा म्हणून दोन पऱ्या. आणि सगळ्यांच्या वर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी.

आता प्रश्न पडतो की नाव बदलायचं कारण काय?

रंगमंचासाठी नाव बदलणं नवीन नाही. युसूफ खानचा दिलीपकुमार झालाच की. पण फ्रेडी नावावर थांबला नाही. झांझिबार, पाचगणी, पारशी घर, या कशाबद्दलच तो मुलाखतींमध्ये फारसा बोलायचा नाही. तो काळही आठवायला हवा. भारत, पाकिस्तान आणि आफ्रिकेतून आलेल्या लोकांना परत पाठवा म्हणून इंग्लंडमध्ये मोर्चे निघत होते. रस्त्यावर आशियाई दिसला की शिवी ऐकू यायची. अशा देशात रॉकच्या मंचावर उभा राहणारा आशियाई गायक ही कल्पनाच कुणी केलेली नव्हती. त्याचे अनेक चाहते वर्षानुवर्षं त्याला गोरा इंग्रजच समजत राहिले.

१९७५ साली आलं बोहेमियन रॅप्सडी. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. सुरुवातीला हळवं गाणं, मध्येच ऑपेरा, शेवटी दणदणीत रॉक, आणि पुन्हा पुन्हा येणारं धृपद नाहीच. रेडिओवर तेव्हा तीन मिनिटांच्या आसपासची गाणी वाजायची, त्यामुळे कंपनीला हे चालेल असं वाटत नव्हतं. बँड कापायला तयार होईना. फ्रेडीचा रेडिओवाला मित्र केनी एव्हरेट याने आठवड्याच्या एका सुट्टीत ते १४ वेळा वाजवलं. लोक दुकानात जाऊन रेकॉर्ड मागू लागले. पुढे ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

त्याचा आवाज जेवढा मोठा, तेवढीच मंचावरची हुकमत मोठी. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाईव्ह एड हा कार्यक्रम झाला. क्वीनला मिळाली साधारण वीस मिनिटं. समोर ७२ हजार लोक, आणि शंभराहून जास्त देशांत टीव्हीवर थेट प्रक्षेपण. फ्रेडीने मध्येच वाद्यं थांबवली आणि नुसत्या आवाजाने एक आलाप फेकला. सगळ्या स्टेडियमने तो परत केला. त्याने आणखी अवघड फेकला, लोकांनी तोही उचलला. कीर्तनकाराने ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलावी, तसा प्रकार. हे टाळकरी तिकीट काढून आलेले आणि ७२ हजार होते, एवढाच फरक. रॉकच्या इतिहासातल्या सर्वोत्तम कार्यक्रमांमध्ये आजही त्या वीस मिनिटांचं नाव घेतलं जातं.

मंचावर एवढा मोकळा असलेला हा माणूस मंचाखाली मात्र झाकलेलाच राहिला.

मेरी ऑस्टिन ही त्याची सत्तरच्या दशकातली प्रेयसी. पुरुषांबद्दल वाटणारं आकर्षण त्याने तिच्यापाशी कबूल केलं तेव्हा ते नातं संपलं, पण मैत्री मरेपर्यंत टिकली. त्याने आपलं लंडनचं घरही तिच्याच नावावर केलं. शेवटची वर्षं त्याने जिम हटन या जोडीदारासोबत काढली. जगासमोर मात्र यातलं काही त्याने उघडपणे मांडलं नाही. इंग्लंडमधल्या पेपरवाल्यांनी पाळत ठेवली, तसा तो आणखी आत गेला.

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. तेव्हा या आजाराचं नाव काढलं तरी लोक दोन पावलं मागे सरायचे. ज्याला झाला त्याचीच चूक, असा सरसकट शिक्का. फ्रेडीने अगदी जवळच्या लोकांनाच सांगितलं आणि कामाला लागला. माँतसेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेसोबत बार्सिलोना हा अल्बम केला. शरीर खंगत असताना क्वीनसोबत इन्युएन्डो पूर्ण केला. उभं राहणं जड जात होतं, तरी गाणी रेकॉर्ड करून ठेवत गेला. त्यातली काही त्याच्या मृत्यूनंतर, १९९५ मध्ये बाहेर आली.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच्या वतीने निवेदन निघालं. आपल्याला एड्स आहे, हे त्याने जगाला सांगितलं आणि या आजाराविरुद्ध लढायला सगळ्यांनी साथ द्यावी, असं आवाहन केलं. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला तो गेला. वय ४५.

अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. अवेस्तातल्या प्रार्थना झाल्या. एवढी वर्षं मागे ठेवलेला फारुख बुलसारा शेवटच्या निरोपाला परत आला.

काही महिन्यांनी, २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवरच त्याच्या आठवणीत मोठा कार्यक्रम झाला. त्या पैशातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला, जो आजही जगभर एड्सविरोधी कामाला मदत करतो. नाव त्याने काढलेल्या बोधचिन्हातल्या पक्ष्याचं. २०१६ मध्ये त्याच्या सत्तराव्या जयंतीला एका लघुग्रहाला त्याचं नाव मिळालं. २०१८ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, त्यातल्या रामी मलेकसह चार ऑस्कर त्या सिनेमाने नेले. त्याच वर्षी, त्याच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला.

एक हिशेब मात्र चुटपुट लावून जातो. एचआयव्हीला काबूत ठेवणारी एकत्रित औषधं १९९६ च्या सुमारास आली. फ्रेडीला पाच वर्षं कमी पडली. भारतात सरकारने ही औषधं २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. वेळेवर तपासणी झाली आणि रोज गोळी घेतली, तर आज एचआयव्ही असलेला माणूस संसार करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. महामार्गावरच्या ट्रकचालकांसाठी सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात वेगळं काम चालतं. गोळी आहे, तपासणी फुकट आहे, तरीही कित्येक जण लोक काय म्हणतील या भीतीने उशिरा पोचतात.

फ्रेडीने नाव झाकलं, गाव झाकलं, प्रेम झाकलं, आजार झाकला. प्रत्येक वेळी झाकायला लावणारं समोर कुणीतरी होतं. फक्त आवाज तेवढा त्याने कधीच झाकला नाही.

भारतात त्याची एकही मैफल झाली नाही. तरी क्वीनचे चाहते वाट वाकडी करून सेंट पीटर्सचं आवार बघायला येतात. वाई सोडून पसरणी घाट चढला की पाचगणी लागते. तोवर गाडीत तो ताल पुन्हा वाजलेला असतो. दोनदा धप धप, मग एक टाळी.