भांडे कसेही असो, वेळ अचूक हवी

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे भास्कराचार्यांनी नोंदवले आहे. काही अभ्यासकांच्या मते ते म्हणजे आजचे बीड. काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. जन्म १११४चा. वडील महेश्वर हेच गुरू. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला.

त्यातील यंत्राध्यायात घटिकायंत्र येते: तळाला छिद्र असलेले, हळूहळू पाणी भरून बुडणारे तांब्याचे भांडे. जुने ग्रंथकार त्याचे ठरावीक वजन-माप सांगत. तसे भांडे घडवणे अवघड. भास्कराचार्यांनी सोपी वाट काढली. अहोरात्रात भांडे किती वेळा बुडते ते मोजायचे आणि अहोरात्राला त्या संख्येने भागायचे. ७२ वेळा बुडाले, तर एक बुडी २० मिनिटांची.

आज ऑपरेटिंग सिस्टीमच्या ड्रायव्हरला मेमरी चिपची कोणती पिन कुठे जोडली आहे, याचे वर्णन बहुधा वेगळे पुरवतात. जोडणी बदलली तर वर्णन बदलते, ड्रायव्हर तोच चालतो. विचार जवळचाच.

एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्यात ग्रहगणित आणखी सोपे केले होते.