पाणी सर्वांचे

नळाची तोटी फिरवली की पाणी येते. ते कोठून येते, ते कोणाच्या मालकीचे असते आणि पाणीपट्टीचे पैसे कोणाकडे जातात, याचा विचार आपण क्वचितच करतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका कारखानदाराने मात्र हा विचार फार गंभीरपणे केला आणि एका मोठ्या शहराचे पाणी खाजगी कंपनीकडून विकत घेऊन ते शहराच्या मालकीचे केले. त्यांचे नाव जोसेफ चेंबरलेन.

जोसेफ चेंबरलेन यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांच्या वडिलांचा पादत्राणांचा धंदा होता. जोसेफ अभ्यासात हुशार होते, परंतु सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या धंद्यात काम शिकू लागले. १८५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बर्मिंगहॅमला आले. तेथे त्यांच्या नातेवाइकांचा स्क्रू बनवण्याचा कारखाना होता. वडिलांनी त्यात भांडवल घातले होते. जोसेफ हिशेबात पक्के आणि कामात शिस्तप्रिय होते. त्यांच्या मेहनतीने कारखाना खूप वाढला. १८७४ मध्ये, चाळिशीही ओलांडली नव्हती तेव्हा, ते धंद्यातून निवृत्त झाले. आता त्यांच्याजवळ पैसा होता आणि वेळही होता.

ते आरामात दिवस घालवू शकले असते, परंतु आपले शहर त्यांना स्वस्थ बसू देईना. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर होते. १८७१ मध्ये तेथे सुमारे साडेतीन लाख लोक राहत होते. मजुरांची घरे अरुंद आणि अंधारी होती. एका अंगणाभोवती अनेक कुटुंबे दाटीवाटीने राहत. त्याच अंगणात विहीर असे आणि तिच्याजवळच संडास व उकिरडा असे. घाण जमिनीत मुरे आणि विहिरीच्या पाण्यात मिसळे. ते पाणी दिसायला कधीकधी स्वच्छ असे, पण त्यातून रोग पसरत.

शहरात नळाचे पाणी नव्हते असे नाही. एक खाजगी जलकंपनी पाणी पुरवत होती. तिने आपले भांडवल घालून जलाशय बांधले होते आणि नळ टाकले होते. हे काम मोठेच होते. परंतु कंपनीला आपल्या भागधारकांना नफा द्यायचा होता. ज्या वस्तीतून पैसे मिळतील तेथे नळ नेणे तिला परवडे. गरिबांच्या गल्लीत नळ नेण्यात तिला फायदा दिसत नसे. त्यामुळे शहरातील फार मोठ्या लोकसंख्येला विहिरींवरच अवलंबून राहावे लागे.

चेंबरलेन १८६९ मध्ये नगरसेवक झाले आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये शहराचे महापौर झाले. त्यांनी प्रथम गॅसचा प्रश्न हाती घेतला. त्या काळी रस्त्यांवर आणि घरांत गॅसचे दिवे जळत असत. गॅस पुरवणाऱ्या दोन खाजगी कंपन्या होत्या. महापौरांनी त्या दोन्ही विकत घेण्याची सूचना मांडली. किंमत सुमारे २० लाख पौंड होती. एवढे कर्ज नगरपालिकेने काढावे काय, अशी शंका अनेकांना आली. परंतु चेंबरलेन यांनी कारखान्याचा हिशेब मांडावा तसा हा हिशेब मांडला. नगरपालिकेला कमी व्याजाने कर्ज मिळते, धंदा नीट चालवला तर व्याज देऊनही पैसा उरतो, आणि तो शहराच्या कामी येतो, हे त्यांनी पटवून दिले. पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा झाला आणि शंका घेणारे गप्प झाले.

मग पाण्याची पाळी आली. येथे चेंबरलेन यांनी एक महत्त्वाचा फरक केला. गॅसवर नगरपालिकेने नफा मिळवला तर हरकत नाही, परंतु पाण्यावर नफा मिळवू नये, असे त्यांचे मत होते. पाण्याच्या व्यवहारात पैसा उरला तर त्यातून पाण्याचे दर कमी करावेत. कारण दिव्यावाचून माणूस एखादी रात्र काढील, पण पाण्यावाचून जगू शकणार नाही. ज्या गोष्टीवर लोकांचे प्राण अवलंबून आहेत ती लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हाती असावी, असे ते मानत.

१८७५ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण ठरले. पहिल्या पत्नीचे १८६३ मध्ये बाळंतपणात निधन झाले होते. फेब्रुवारी १८७५ मध्ये दुसऱ्या पत्नीचेही तसेच निधन झाले. घरात आई नसलेली लहान मुले होती. अशा दुःखातही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. त्याच वर्षी त्यांनी संसदेच्या समितीपुढे शहराची बाजू मांडली. संसदेने कायदा मंजूर केला. कंपनीची मालमत्ता जप्त केली गेली नाही, तर सुमारे साडेतेरा लाख पौंड इतका मोबदला ठरवून ती घेण्यात आली. १८७६ च्या आरंभी बर्मिंगहॅमचे पाणी बर्मिंगहॅमचे झाले.

त्यानंतर नळांचे जाळे वाढत गेले आणि दूषित विहिरी बंद करण्यात आल्या. पण शहरही वाढत होते. जवळचे पाणी पुरेना, तेव्हा नगरपालिकेने दूर पाहिले. शेजारच्या वेल्स प्रांतातील एलान खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो. तेथे धरणे बांधण्यास १८९२ मध्ये संसदेची परवानगी मिळाली. सुमारे ११८ किलोमीटर लांबीची जलवाहिनी तयार झाली. तिची रचना अशी आहे, की पंपाशिवाय केवळ उताराने पाणी शहरापर्यंत वाहत येते. २१ जुलै १९०४ रोजी राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते या योजनेचे उद्घाटन झाले. चेंबरलेन तेव्हा महापौर नव्हते, परंतु शहराने स्वतःच्या बळावर एवढे मोठे काम हाती घ्यावे, ही वाट त्यांनीच घालून दिली होती.

या कामाची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. धरणांसाठी खोऱ्यातील सुमारे शंभर माणसांना घरे सोडावी लागली. शेतघरे, शाळा आणि चर्च पाण्याखाली गेले. नुकसानभरपाई फक्त जमीनमालकांना मिळाली. कुळांना आणि मजुरांना काहीच मिळाले नाही. मालकी सार्वजनिक असली तरी न्याय आपोआप होत नाही, हे यावरून दिसते.

चेंबरलेन १८७६ मध्ये संसदेत गेले आणि पुढे मंत्री झाले. ते ब्रिटिश साम्राज्याचे कट्टर समर्थक होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी तेच वसाहतमंत्री होते. त्यांच्या या धोरणावर कठोर टीका झाली. १९०६ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि २ जुलै १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र नेव्हिल पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

पाणी कोणाच्या हाती असावे, हा वाद मात्र संपला नाही. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमचा पाणीपुरवठा नगरपालिकेकडून एका प्रादेशिक जलमंडळाकडे गेला आणि १९८९ मध्ये इंग्लंड व वेल्समधील जलमंडळे खाजगी कंपन्यांना देण्यात आली. जुने नळ बदलायला मोठे भांडवल लागते, ते खाजगी कंपन्या आणतील, असे काही लोक म्हणतात. पाण्यावरचा नफा पुन्हा भागधारकांकडे जातो, असे दुसरे म्हणतात. स्कॉटलंडने मात्र आपले पाणी सार्वजनिक मालकीचेच ठेवले.

बर्मिंगहॅमच्या लोकांनी चेंबरलेन यांच्या कार्याबद्दल कृतज्ञता म्हणून १८८० मध्ये शहराच्या मध्यभागी एक कारंजे उभारले. ज्याने शहराला पाणी मिळवून दिले, त्याचे स्मारकही पाण्याचेच झाले.

स्वाध्याय

१. चेंबरलेन धंद्यातून निवृत्त झाल्यावर स्वस्थ का बसले नाहीत?
२. खाजगी जलकंपनी गरिबांच्या वस्तीत नळ का नेत नसे?
३. गॅस आणि पाणी यांच्या बाबतीत चेंबरलेन यांनी कोणता फरक केला? का?
४. एलान खोऱ्यातील कोणत्या लोकांवर अन्याय झाला?
५. तुमच्या गावाला पाणी कोठून येते आणि ते कोण पुरवते, याची माहिती मिळवा व पाच वाक्यांत लिहा.