हान्स ख्रिश्चन याकोबेउस

हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांचा जन्म १८७९ साली स्वीडन देशात झाला. पुढे ते स्टॉकहोम नगरीत नामांकित वैद्य झाले. त्या काळी क्षयरोगावर गुणकारी औषध नव्हते.

आपल्या फुप्फुसांभोवती पातळ, दुपदरी आवरण असते. बरगड्यांना आतून चिकटलेला त्याचा पदर फार नाजूक. त्याला सुई टोचली तरी रोगी कळवळतो. रोगाने जर्जर झालेल्या माणसाला ईथर हुंगवून बेशुद्ध करणेही धोक्याचे होते. मग छातीच्या आत पाहावे कसे?

शरीराचा हवा तेवढाच भाग बधिर करता येतो, हे कार्ल कोलर यांनी १८८४ साली व्हिएन्ना येथे दाखविले होते. याकोबेउस यांनी त्याच मार्गाचा अवलंब केला. दोन बरगड्यांमधील जागा बधिर करून तेथे ते लहानसे छिद्र पाडीत आणि मूत्राशय पाहण्याची नळीसारखी दुर्बीण त्यातून आत घालीत. रोगी शुद्धीवर असे. १९१० साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली.

क्षयाने ग्रासलेल्या फुप्फुसाभोवती हवा भरून त्याला तेव्हा विश्रांती देत. परंतु फुप्फुस छातीला चिकटलेले असले, म्हणजे हा उपाय फसे. याकोबेउस ते बंध दुर्बिणीतून पाहून तापलेल्या तारेने तोडू लागले.

१९३७ साली ते निवर्तले. पुढे क्षयावर औषधे निघाली व ती शस्त्रक्रिया मागे पडली. तथापि छातीचा थोडा भाग बधिर करून आत पाहण्याची त्यांची रीत आजही रुग्णांच्या उपयोगी पडत आहे.