क्लेअर बी : दोषाचा वांटा मागून घेणारा क्रीडाशिक्षक

शिष्यानें यश मिळविलें म्हणजे गुरूला त्यांतील वांटा मागावा लागत नाहीं; लोक तो आपण होऊन देतात. परंतु शिष्याचें पाऊल घसरलें असतां त्या दोषांतीलहि आपला वांटा मागून घेणारा गुरु विरळाच. अमेरिकेंतील क्लेअर बी हे अशा विरळा पुरुषांपैकीं एक होत. खेळाच्या जगांत त्यांचें नांव झालें तें विजयांमुळें. पण त्यांच्या चरित्रांतील खरा बोधप्रद भाग मानहानीच्या काळांतला आहे.

क्लेअर फ्रान्सिस बी ह्यांचा जन्म २ मार्च १८९६ रोजीं वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील ग्राफ्टन ह्या गांवीं झाला. बालपणींच आई वारली. पुढें वेन्सबर्ग कॉलेजांतून पदवी घेऊन त्यांनीं रायडर कॉलेजांत शिक्षकाचें काम केलें, आणि १९३१ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील लाँग आयलंड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची धुरा खांद्यावर घेतली.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती युवक संघाच्या विद्यालयांत जेम्स नेस्मिथ ह्यांनीं शोधून काढला. हिवाळ्यांत मुलांस घरांत राहूनहि निर्मळ व्यायाम व्हावा, एवढाच त्यांचा हेतु. चाळीस वर्षांत त्याच खेळाचे सामने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या भव्य क्रीडागृहांत हजारों प्रेक्षकांपुढें तिकिटें लावून होऊं लागले. लाँग आयलंड विद्यापीठ १९२६ सालीं निघालेलें. त्यास ना जुनी परंपरा, ना नांवलौकिक. तो लौकिक बी ह्यांच्या संघानें मिळवून दिला. १९३५-३६ च्या मोसमांत हा संघ एकहि सामना हरला नाहीं; त्याच सुमारास त्यानें लागोपाठ ४३ सामने जिंकले. राष्ट्रीय निमंत्रित संघांच्या स्पर्धेंत त्यानें १९३९ व १९४१ सालीं अजिंक्यपद मिळविलें. बी ह्यांच्या हाताखालीं विद्यापीठानें दर १०० सामन्यांपैकीं सुमारें ८२ जिंकले.

विजयाहून मोठें असें कांहीं आहे, हें त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या निवडसामन्यांचा प्रश्न आला. जर्मनींत नाझी सत्तेनें ज्यू लोकांचा छळ मांडला होता, आणि ह्या संघांत ज्यू मुलें पुष्कळ होतीं. अजिंक्य असतांहि संघानें त्या सामन्यांवर पाणी सोडलें. पुढें १९४८ पासून बी ह्यांनीं मुलांसाठीं चिप हिल्टन नांवाच्या एका खेळाडूच्या कथा लिहावयास आरंभ केला. हा कथानायक सरळमार्गी, मित्रांस जपणारा व लबाडीचा तिटकारा असणारा असा आहे. त्या पुस्तकांनीं हजारों अमेरिकन मुलांस वेड लाविलें.

परंतु दैवाची थट्टा अशी कीं, लेखक आदर्श खेळाडू कागदावर रंगवीत असतां त्याच्या स्वतःच्या संघांतील मुलें जुगाऱ्यांच्या हातीं विकलीं जात होतीं. बलाढ्य संघ किती गुणांच्या फरकानें जिंकेल, ह्यावर त्या काळीं पैजा लागत. दहा गुणांनीं जिंकावयाचें तेथें सहांनीं जिंका. सामनाहि तुमचा आणि वर पैसाहि तुमचा, असें जुगारी खेळाडूंस पढवीत. हरावयाचें नाहीं, मग ह्यांत पाप कसलें, असें कोवळ्या मनास वाटे. एकदां पैसा हातीं पडला म्हणजे मात्र सुटकेची वाट राहात नसे.

१९५१ च्या जानेवारींत मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग ह्या खेळाडूनें १००० डॉलरची लाच झिडकारली व ती गोष्ट आपल्या शिक्षकांस कळविली. त्यावरून तपास सुरू झाला आणि एकामागून एक संघ उघडे पडले. फेब्रुवारींत बी ह्यांच्या संघांतील तिघे उत्तम खेळाडू पकडले गेले. विद्यापीठानें आपल्या संघांचे बाहेरील सर्व सामने बंद केले. ते १९५७ पर्यंत पुन्हां सुरू झाले नाहींत. वीस वर्षांची इमारत एका आठवड्यांत कोसळली.

बी ह्यांच्यावर कायद्यानें कोणताच आरोप ठेविला नाहीं. मुलें सज्ञान होतीं, जुगारी लबाड होते, मला कांहींच कल्पना नव्हती, असें म्हणून त्यांस स्वस्थ बसतां आलें असतें. केंटकी विद्यापीठाचे नामांकित शिक्षक अडॉल्फ रप ह्यांनीं तर आपल्या मुलांस जुगारी शिवूंहि शकणार नाहींत, अशी ग्वाही दिली होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांचेच माजी खेळाडू पकडले गेले. बी ह्यांनीं निराळा मार्ग धरला. फेब्रुवारी १९५२ मध्यें सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट ह्या लोकप्रिय साप्ताहिकांत स्वतःच्या नांवानें लेख लिहून त्यांनीं सांगितलें कीं, ह्या अनर्थाचा कांहीं दोष माझा आहे. प्रत्येक सामना जिंकलाच पाहिजे असा माझा हव्यास होता. इतरत्र रूढ असलेल्या प्रथा मींहि बिनदिक्कत चालविल्या. आणि ज्या हवेंत हें विष पसरलें ती हवा निर्माण करण्यास माझाहि हात लागला. लाच त्यांनीं घेतली नव्हती. परंतु विजयालाच मोल आहे हा धडा मुलांनीं कोणाजवळ घेतला, ह्या प्रश्नास त्यांनीं बगल दिली नाहीं.

चरित्रलेखकानें येथें एक गोष्ट लपवूं नये. त्या संघांतील सर्वांत गुणी खेळाडूनें कित्येक महिने तुरुंगवास भोगला, आणि धंदेवाईक खेळांतील अव्वल संघांचें दार त्यास जन्मभर बंद झालें. गुरूस मात्र १९५२ सालींच बाल्टिमोर येथील धंदेवाईक संघांत नोकरी मिळाली. म्हणजे कबुली दिल्यानें शिष्यांची शिक्षा उणी झाली नाहीं, व गुरूला ती सारखी वांटूनहि घेतां आली नाहीं. कबुलीनें झालेलें नुकसान भरून निघत नसतें. तिचा उपयोग एवढाच कीं, चूक कोठें झाली हें पुढच्यांस दिसतें, आणि सारा भार दुबळ्यांच्याच माथीं राहात नाहीं.

बाल्टिमोर येथें त्यांस यश लाभलें नाहीं. त्यानंतरचीं वर्षें त्यांनीं बहुतांशीं तरुण मुलांस व शिक्षकांस खेळ शिकविण्यांत घालविलीं, आणि चिप हिल्टनच्या कथाहि लिहिल्या. १९६८ सालीं बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरांत त्यांच्या नांवाची निवड झाली. २० मे १९८३ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्यांचा देहान्त झाला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं कोणी संघाचा कप्तान असेल, कोणी वर्गाचा मॉनिटर, कोणी उद्यां शिक्षक वा अधिकारी होईल. आपल्या हाताखालच्या मनुष्याची चूक उघडकीस आली म्हणजे त्याच्याकडे बोट दाखविणें सोपें असतें. त्या वेळीं आपण त्याला काय शिकविलें, कशाला शाबासकी दिली आणि कशाकडे कानाडोळा केला, हें आधीं मनाशीं पाहावें. पालकांनींहि, मूल सामना जिंकून घरीं आलें असतां, किती गुणांनीं जिंकलास हें विचारण्यापूर्वीं कसा खेळलास हें विचारावें. मुलांच्या मनांत कोणता धडा रुजतो, हें अशा लहान प्रश्नांवरच पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.