क्ष-किरणांची सावली आणि मानेचे सात मणके

कशेडी किंवा आंबेनळी घाटात गाडीला अपघात होतो, कोणी आंब्याच्या झाडावरून पडतो. महाड-पोलादपूर भागात अशा जखमीला आधी जवळच्या रुग्णालयात नेतात. मानेला मार असल्याची शंका आली की डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. प्रत्यक्ष फोटो निघायला सेकंदही लागत नाही, पण आधीची तयारी बराच वेळ चालते. गळ्यातली साखळी काढा, कानातले काढा, खांदे सैल सोडा, अजिबात हलू नका, अशा सूचना सुरू असतात. यंत्र एवढे आधुनिक असताना हा खटाटोप कशासाठी, असे नातेवाइकांना वाटते. त्याचे उत्तर समजण्यासाठी हे किरण शोधणाऱ्या माणसाकडे वळावे लागेल.

विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन यांचा जन्म 27 मार्च 1845 रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. विल्हेल्म लहान असतानाच कुटुंब हॉलंडमध्ये गेले. उट्रेख्ट येथील तंत्रशाळेत शिकत असताना एका विद्यार्थ्याने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. ते कोणी काढले हे सांगायला रॉन्टजेन यांनी नकार दिला, म्हणून त्यांनाच शाळेतून काढले गेले. शाळा सोडल्याचा रीतसर दाखला नसल्याने पुढची बरीच दारे बंद झाली. अखेर 1865 मध्ये झुरिचच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश परीक्षेच्या आधारे त्यांना जागा मिळाली. 1869 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि ऑगस्ट कुंट या भौतिकशास्त्रज्ञाचे सहायक म्हणून काम सुरू केले.

कुंट यांच्याबरोबर ते वुर्झबर्ग विद्यापीठात गेले, तेव्हा दाखल्याचा जुना प्रश्न पुन्हा आडवा आला. तिथे त्यांना अध्यापनाचा अधिकार मिळाला नाही. तो पुढे स्ट्रासबुर्गमध्ये मिळाला. होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, गीसेन असा प्रवास करत 1888 मध्ये ते वुर्झबर्गला परतले, ते प्राध्यापक म्हणून. 1894 मध्ये ते त्याच विद्यापीठाचे प्रमुख झाले. मोजमापाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर, बोलण्यात संकोची आणि शक्यतो एकट्याने प्रयोग करणारे अशी त्यांची ओळख होती.

8 नोव्हेंबर 1895 हा शुक्रवार होता. संध्याकाळी रॉन्टजेन निर्वात काचनळीतून वीज सोडून प्रयोग करत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती आणि खोलीत अंधार होता. तरीही काही अंतरावर ठेवलेला, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठा भेदून काहीतरी बाहेर येत होते. कोणाला काही न सांगता त्यांनी पुढचे काही आठवडे प्रयोगशाळेतच काढले. अज्ञात संख्येला गणितात एक्स म्हणतात, म्हणून त्यांनी या किरणांना एक्स-किरण म्हटले. आपल्या बीजगणितात त्या एक्सच्या जागी क्ष येतो, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले.

त्या आठवड्यांत त्यांनी जे तपासले, त्यावर एक्स-रे विभागातली आजची शिस्त उभी आहे. सुमारे हजार पानांच्या पुस्तकातून किरण आरपार गेले, पण दीड मिलिमीटर जाडीच्या शिशाने ते जवळजवळ अडवले. म्हणजे पदार्थाची घनता आणि जाडी या दोन्हींना महत्त्व होते. किरण सरळ रेषेत जातात आणि अंतर वाढले की त्यांची तीव्रता ठरावीक प्रमाणात घटते, हेही त्यांनी पाहिले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भिंगाने हे किरण एकत्र आणता येत नाहीत असे त्यांना आढळले. कॅमेऱ्यात भिंग असते, म्हणून प्रतिमा नेमकी करता येते. एक्स-रेमध्ये मिळते ती फक्त सावली. सावली लांब पडेल की आखूड, स्पष्ट की पुसट, हे दिवा, वस्तू आणि पडदा यांच्या जागांवरच ठरते.

22 डिसेंबर 1895 रोजी रॉन्टजेन यांनी पत्नी अ‍ॅना बर्था यांचा हात छायाचित्राच्या काचेवर ठेवला आणि सुमारे 15 मिनिटे किरण सोडले. तेवढा वेळ त्यांना हात स्थिर ठेवावा लागला. त्या चित्रात हाडांबरोबर बोटातील अंगठीही काळ्या ठिपक्यासारखी ठळक दिसते आणि तिच्यामागचे हाड झाकले जाते. गळ्यातले मंगळसूत्र, कानातले, केसांतल्या पिना आणि काढता येणारी कवळी बाजूला ठेवायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

हात काचेवर सपाट ठेवता येतो, मान तशी ठेवता येत नाही. मानेत सात मणके असतात. बाजूने फोटो काढताना खांदा मध्ये येतो, त्यामुळे मान फिल्मपासून दूर राहते आणि सावली मोठी व पुसट होण्याची शक्यता असते. म्हणून किरणांची नळी साधारण सहा फुटांवर नेतात. खांद्याचा भाग जाड असल्याने त्याच्या सावलीत सातवा मणका हरवतो. अपघात नसलेल्या रुग्णाला सरळ उभे करून किंवा बसवून, दोन्ही हातांत वजन देऊन खांदे खाली आणतात. समोरून फोटो काढताना जबड्याची सावली मणक्यांवर पडू नये म्हणून हनुवटी थोडी वर करून नळी तिरकी धरतात. पहिले दोन मणके दातांमागे लपतात, ते पाहण्यासाठी तोंड मोठे उघडून वेगळा फोटो घेतात.

अपघातातल्या जखमीचे मात्र वेगळे. मणका मोडला असेल आणि मान वळवली, तर आतल्या मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. अशा वेळी रुग्णाला हलवत नाहीत. तो उताणा असतानाच नळी आणि फिल्म त्याच्या दोन बाजूंना आणून फोटो घेतात. सातवा मणका आणि त्याखालचा छातीच्या पहिल्या मणक्याचा वरचा भाग दिसल्याशिवाय तो फोटो पुरा मानत नाहीत. न दिसलेल्या भागातच मोड असू शकते. म्हणून काही वेळा आणखी फोटो घ्यावे लागतात, तर गंभीर अपघातात आता सीटी स्कॅनला प्राधान्य देतात.

28 डिसेंबर 1895 रोजी रॉन्टजेन यांनी आपला निबंध वुर्झबर्गच्या वैद्यक-भौतिक संस्थेकडे दिला. 23 जानेवारी 1896 रोजी त्यांनी भर सभेत शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचा फोटो काढून दाखवला. काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधू लागले. पेटंट घेतले असते तर रॉन्टजेन यांना अमाप पैसा मिळाला असता. शोध सर्वांसाठी खुला असावा म्हणून त्यांनी ते घेतले नाही. 1901 मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. सरदारकीची पदवीही नाकारली.

किरणांची दुसरी बाजूही लवकरच समोर आली. काळजी न घेता रोज त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अनेकांचे हात भाजले, बोटे गमवावी लागली, काहींना कर्करोग झाला. आज एका फोटोची मात्रा अगदी कमी असते. तरी चुकीच्या ठेवणीमुळे फोटो पुन्हा काढावा लागला, तर ती मात्रा विनाकारण वाढते. गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास तंत्रज्ञांना आधीच सांगावे.

1900 पासून रॉन्टजेन म्युनिकमध्ये होते. 1919 मध्ये बर्था यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची बचत मातीमोल झाली. 10 फेब्रुवारी 1923 रोजी आतड्याच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची बरीच वैज्ञानिक कागदपत्रे जाळण्यात आली. शोध मात्र त्यांनी आधीच सर्वांच्या हाती दिला होता.

त्याचा पुरेपूर उपयोग व्हायचा असेल, तर काळजी घाटातच सुरू व्हायला हवी. वाहनाला आग लागण्यासारखा धोका नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढू नये, उठवून बसवू नये, पाणी पाजण्यासाठी डोके उचलू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत एकाने दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरून ठेवावे. हलवणे भागच असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. मानेचा पट्टा लावला असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो सोडू नये. एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ वेळ घेत असतील, तर घाई करू नये. सातवा मणका दिसेपर्यंत थांबणे हा तपासणीचाच भाग आहे.