भाऊसाहेबांचा पक्ष

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा निकालाविषयी दिल्लीत कोणाला फारशी शंका नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्याने साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपवली होती. सैन्य धाडणारे सरकार काँग्रेसचे, पंतप्रधान नेहरू. तेव्हा गोवेकर मते देणार ती काँग्रेसलाच, असा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात तीस जागांच्या त्या सभागृहात काँग्रेसला एक जागा मिळाली, आणि तीही गोव्यात नव्हे, दमणमध्ये. गोव्याच्या भूमीवर काँग्रेसचा एकही उमेदवार निवडून आला नाही. चौदा जागा घेऊन पहिला आला तो त्याच वर्षी जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. बारा जागा घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स. प्रजासमाजवादी पक्षाच्या दोघांना बरोबर घेऊन मगोने सरकार बनवले आणि २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. गंमत अशी, की ज्यांच्या नावावर ही निवडणूक जिंकली गेली ते बांदोडकर स्वतः उमेदवारच नव्हते! पुढे मडकई मतदारसंघातून पोटनिवडणुकीत ते विधानसभेत आले. या मडकईचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आज मगो पक्षाची जी अवस्था आहे तिच्याविषयी बोलताना लोक साधारणपणे अलीकडच्या फुटीरांना आणि युतीच्या राजकारणाला दोष देतात. मला मात्र वाटते की या कहाणीचे धागे खुद्द भाऊसाहेबांच्या आयुष्यातच शोधायला हवेत. पक्षाची ताकद आणि पक्षाचे दुखणे ही दोन्ही एकाच माणसाने मागे ठेवली.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. पेडणे म्हणजे गोव्याचे उत्तरेचे टोक, तेरेखोलच्या खाडीपलीकडे लगेच सावंतवाडीचा मुलूख. हा भाग पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीतला, म्हणजे बराच उशिरा त्यांच्या हाती लागलेला. इथली देवळे राहिली, मराठी राहिली, भजने आणि दशावतार राहिले. पण त्याबरोबर भाटकार आणि मुंडकारही राहिले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की भाटकार म्हणजे जमिनीचा मालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर झोपडे बांधून राहणारा माणूस. मालकाची मर्जी फिरली की मुंडकाराचे घर गेले. जातीच्या उतरंडीत खालच्या पायऱ्यांवर मानल्या गेलेल्या बहुजन समाजाचे बहुतेक आयुष्य या मर्जीवर चालत असे. दयानंद बांदोडकर याच समाजातून वर आले. घरी मोठी दौलत नव्हती, पदव्या नव्हत्या. व्यापारात पाय रोवत ते खाणींपर्यंत पोहोचले, आणि लोखंड-मँगनीजच्या खनिजाला परदेशात मागणी वाढली त्या काळात गोव्यातल्या बड्या खाणमालकांत त्यांची गणना होऊ लागली.

पैसा अनेकांकडे आला. भाऊसाहेबांचे वेगळेपण असे, की तो त्यांच्या हातात फार वेळ टिकत नसे. शाळा, देवळे, विद्यार्थ्यांची फी, कोणाचे आजारपण, कोणाच्या मुलीचे लग्न. मागणारा रिकाम्या हाताने परतत नसे अशी त्यांची ख्याती झाली. जुन्या माणसांच्या आठवणींत ते प्रथम दाते म्हणून येतात आणि मग मुख्यमंत्री म्हणून. माणूस शौकीनही होता. शिकार, क्रिकेट, फुटबॉल, गाण्याच्या मैफली या सगळ्यांत ते रमत. त्यांच्या नावाची फुटबॉल स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी कला अकादमीही स्थापन झाली. शेजारच्या राज्यांतले मुख्यमंत्री खादीत आणि गंभीर चेहऱ्याने वावरत असताना मैदानावर रमणारा हा मुख्यमंत्री लोकांना आपलासा वाटला तर नवल नाही.

पण नुसत्या दातृत्वावर दहा वर्षे राज्य करता येत नाही. १९६४ मध्ये आलेल्या कूळकायद्याने शेत कसणाऱ्याला बेदखलीपासून संरक्षण दिले. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघू लागल्या. पोर्तुगीज अमलात शिकायचे तर पोर्तुगिजात, नाहीतर देवळाच्या पडवीत लोकवर्गणीने चालणाऱ्या मराठी शाळेत. आता सरकार स्वतः वाड्यावाड्यांवर मास्तर पाठवू लागले. फोंड्याजवळच्या एका गावात एका वृद्ध गृहस्थांच्या घरी मी गेलो होतो. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेतच भाऊसाहेबांची तसबीर होती, तिला ताजा हार होता. विलीनीकरणाचे काय, असे मी त्यांना विचारले. तो विषय त्यांना फारसा आठवतही नव्हता. आठवत होते ते एवढेच, की त्यांच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी शाळेत गेले ते भाऊसाहेबांच्या राज्यात आणि भाटकारासमोर पायातल्या वहाणा काढणे बंद झाले तेही त्याच काळात.

ज्या विलीनीकरणाचा या गृहस्थांना विसर पडला, तेच तर पक्षाचे नाव होते! गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, यासाठीच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला. भाऊसाहेबांची त्यावर मनापासून श्रद्धा होती. मराठी ही गोव्यातल्या हिंदूंची देवाधर्माची आणि शाळेची भाषा. महाराष्ट्रात बहुजन समाजाचे राज्य. तेव्हा त्या मोठ्या घरात गेलो की इथल्या भाटकारशाहीचे दात पडतील, असा त्यांचा विचार होता. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण एकतर्फी होता. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादीतल्या ख्रिस्ती समाजाला आपण त्या घरात हरवून जाऊ असे वाटत होते. कोकणीवाल्यांना भाषेची चिंता होती. त्यात महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी कचेऱ्यांतून बसले, तेव्हा नोकरीकडे डोळे लावून बसलेले सुशिक्षित हिंदू तरुणही बिचकले. महाराष्ट्रात दारूबंदी होती. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांना आपला धंदा बुडेल अशी भीती दाखवली गेली आणि ती खोटी होती असेही नाही.

विधानसभेत बहुमत आहे, तेव्हा ठराव करा आणि विलीन व्हा, असे मगोचे म्हणणे. प्रश्न थेट लोकांना विचारा, असे विरोधकांचे. शेवटी संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ च्या आरंभी भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. खुर्ची सोडून, निकाल काय लागेल याची खात्री नसताना लोकांसमोर उभे राहणे ही गोष्ट लहान नव्हे. पुढच्या काळातल्या गोव्याचे राजकारण पाहिलेल्यांना तर ती दंतकथाच वाटेल. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशा खुणा होत्या. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरणाचा प्रश्न कायमचा निकालात निघाला. एकट्या ख्रिस्ती मतांवर एवढी संख्या होत नाही. म्हणजे मगोला मत देणाऱ्या घरांतूनही काहींनी दोन पानांवर खूण केली होती.

आता खरे तर पक्ष संपायला हवा होता. ज्या कामासाठी दुकान मांडले ते काम लोकांनीच नाकारले. पण अडीच महिन्यांच्या आतच, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीसपैकी सोळा जागा देऊन त्याच लोकांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केले! युनायटेड गोवन्स होता तिथेच, बारावर राहिला. मला वाटते, गोव्याच्या राजकारणातला हा सर्वांत बोलका निकाल आहे. महाराष्ट्र नको, पण भाऊसाहेब हवेत, असे मतदाराने स्वच्छ सांगितले. त्याला कूळकायदा हवा होता, शाळा हवी होती, आपल्यातला माणूस पणजीच्या सचिवालयात बसलेला हवा होता.

हा निकाल भाऊसाहेबांनी विजय म्हणून घेतला. त्यातला इशारा त्यांनी ऐकला असे दिसत नाही. पक्षाचे नाव तेच राहिले, घोषणा हळूहळू मागे पडली, आणि तिच्या जागी दुसरा विचार उभा राहिला नाही. जमीन आणि शिक्षण हाच पक्षाचा खरा कार्यक्रम आहे असे मानून त्याची गावोगाव बांधणी करायची ती वेळ होती. तिच्याऐवजी सगळे भाऊसाहेबांभोवती फिरत राहिले. उमेदवार त्यांच्या शब्दावर ठरत, पैसा त्यांचा, भांडणे त्यांच्या दारात मिटत. एका माणसावर उभा असलेला पक्ष चालतो फार झकास, पण त्या माणसाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी त्यांच्या कारभाराविरुद्ध बंड केले. समोरच्या बाकांवरच्या काहींचा आधार घेऊन भाऊसाहेबांनी सरकार वाचवले, आणि १९७२ च्या निवडणुकीत अठरा जागा जिंकून बंडखोरांना उत्तर दिले. उत्तर चोख होते. प्रश्न मात्र तसाच राहिला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, वयाच्या बासष्टाव्या वर्षी भाऊसाहेब गेले. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. गादीवर आल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर. गादी हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, पण त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो, की त्या १९६७ पासून विधानसभेत होत्या आणि त्यांचे काम वडिलांच्या पुण्याईवर भागवण्यासारखे नव्हते. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कसेल त्याला जमीन देणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. भाऊसाहेबांनी ज्या कुळाला संरक्षण दिले त्याला ताईंनी मालक करायला घेतले. राजकारणातला उपरोध असा, की ज्याला जमीन मिळाली आणि ज्याचा मुलगा शिकून नोकरीला लागला, त्याला मग मगोची तितकीशी गरज उरली नाही.

एप्रिल १९७९ मध्ये पक्षातले तीन आमदार फुटले आणि सरकार पडले. जानेवारी १९८० मध्ये मगो सातावर आला. निवडून आलेल्यांतले बहुतेक काँग्रेसमध्ये गेले, काही काळ खुद्द ताईही गेल्या. रमाकांत खलप यांनी सिंहाची निशाणी धरून ठेवली नसती तर पक्षाचा इतिहास तिथेच आटोपला असता. चाळीस जागांच्या सभागृहात १९८९ मध्ये अठरा आमदार आले, ही शेवटची मोठी उसळी. तीही १९९१ च्या जानेवारीत रवी नाईक यांनी पक्ष फोडून मुख्यमंत्रिपद मिळवले तेव्हा विरली. १९९४ मध्ये भाजपशी युती झाली. मगोला बारा जागा, भाजपला चार. पाच वर्षांत तराजू उलटला. १९९९ मध्ये भाजपचे दहा आणि मगोचे चार. पेडणे, डिचोली, सत्तरीतला जो हिंदू बहुजन मतदार भाऊसाहेबांनी जोडला होता, त्याला आता अधिक मोठे आणि अधिक शिस्तीचे घर सापडले होते. युतीने मगोला सत्तेची ऊब मिळाली आणि पायाखालची जमीन गेली.

ज्या प्रश्नावर पक्ष जन्मला, त्याचे पुढे काय झाले? १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात स्थान मिळाले, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा त्याविरुद्धच्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर शशिकला काकोडकर आणि जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्ध झुंजलेले उदय भेंब्रे एकत्र बसले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या दोन छावण्या एका मांडवात आल्या. २०१६ मध्ये ताईही गेल्या.

२०१७ मध्ये मगोचे तीन आमदार निवडून आले. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांतल्या दोघांनी विधिमंडळ पक्षच भाजपमध्ये विलीन केल्याचे जाहीर केले. विलीनीकरण या शब्दाने पक्षाचा असा सूड घ्यावा! २०२२ मध्ये तृणमूल काँग्रेसबरोबर निवडणूक लढवून मगोने दोन जागा जिंकल्या आणि निकाल लागताच भाजपला पाठिंबा दिला. स्वतंत्र राहिले तर फूट, बरोबर गेले तर गिळले जाणे. या दोन भीतींच्या मधल्या अरुंद पट्टीवर पक्ष उभा आहे. भाषेवर पुन्हा उभे राहावे तर कोकणीशी वैर धरून चालत नाही. जमिनीवर उभे राहावे तर आजचा प्रश्न कुळाचा राहिलेला नाही, तो डोंगर कापून उठणाऱ्या वसाहतींचा आहे, आणि सत्तेत बसून त्यावर बोलणे अवघड. मुंडकारांची प्रकरणे मात्र मामलेदारांच्या कचेरीत अजून पडून आहेत, आणि ती भाऊसाहेबांच्या मतदाराच्या नातवंडांची आहेत.

२०२२ मधल्या त्या दोन जागांपैकी एक मांद्र्याची, म्हणजे भाऊसाहेबांच्या जन्माच्या पेडणे तालुक्यातली. दुसरी मडकईची.