धनंजयराव गाडगीळ

विहीर खणावयाची असो, रस्ता बांधावयाचा असो की कारखाना उभारावयाचा असो, पहिला प्रश्न पुढे येतो तो पैशाचा. गावाजवळ पुरेसा पैसा नसला म्हणजे सरकारकडे पाहावे लागते. सरकार दोन प्रकारांनी साहाय्य करते. जी रक्कम परत करावी लागत नाही, तिला अनुदान म्हणतात. जी व्याजासह फेडावी लागते, तिला कर्ज म्हणतात. परंतु हा पैसा कोणाला द्यावा, किती द्यावा आणि त्यातून लोकांचे कायमचे हित कसे साधावे, हे ठरविणे सोपे नसते. ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा थोर अर्थशास्त्रज्ञांत धनंजय रामचंद्र गाडगीळ ह्यांची गणना होते.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी झाला. त्यांचे बालपण नागपुरास गेले. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात गेले. भारतातील उद्योगधंद्यांची वाढ कशी झाली, ह्या विषयावर त्यांनी तेथे प्रबंध लिहिला. १९२४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे कित्येक दशके महाविद्यालयांतील विद्यार्थी हा ग्रंथ अभ्यासीत असत.

१९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. केवळ ग्रंथालयात बसून देशाचे दारिद्र्य समजणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या संस्थेने गावांची आणि शहरांची पाहणी करण्याचे काम हाती घेतले. गोदावरी व प्रवरा ह्या नद्यांच्या कालव्यांमुळे शेतकऱ्यांचे जीवन कसे पालटले, ह्याचीही त्यांनी बारकाईने पाहणी केली.

प्रवरा नदीवर भंडारदरा येथील धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी शेतात खेळू लागले आणि कोरडवाहू रानात ऊस डोलू लागला. परंतु शेतकऱ्याचे दुःख काही सरले नाही. उसाला पाणी, खत व मजुरी फार लागे. त्यासाठी तो सावकाराकडून कर्ज काढी. त्यातच १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. गुळाचे भाव कोसळले आणि कर्जाचा डोंगर वाढला. पाणी शेतकऱ्याच्या दारी आले, पण त्यापासून होणारा लाभ मात्र दुसऱ्याच्या घरी जाऊ लागला.

शेतकऱ्यांच्या कर्जाचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद धनंजयरावांकडे आले. समितीचा अहवाल १९४५ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांची जुनी कर्जे त्यांच्या ऐपतीप्रमाणे कमी करावीत आणि शेतीला भांडवल पुरविण्यासाठी सरकारी साहाय्याने नव्या संस्था उभाराव्यात, असे तीत सुचविले होते.

परंतु केवळ अहवाल लिहून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी बेलापूर रोड येथे कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्याच मालकीचा साखर कारखाना काढावा, हा विचार तेथून जोर धरू लागला. त्यांच्या सोबतीस उभे राहिले ते लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण थोडे होते. पण १९२३ साली त्यांनी आपल्या गावात सहकारी पतपेढी काढली होती. एक केंब्रिजचा पंडित आणि एक नांगर धरणारा शेतकरी अशी ही जोडी जमली.

कारखान्यास लागणारे भांडवल प्रचंड होते. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याने पदरचे पैसे द्यावेत कसे? कारखाना बुडाला तर काय, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. विठ्ठलरावांनी गावोगाव हिंडून लोकांची समजूत घातली आणि भाग गोळा केले. तेव्हाच्या मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे सहकाराचे पुरस्कर्ते होते. सरकारने स्वतः भागभांडवल दिले आणि १९४८ साली स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळाले. मात्र ह्या सर्व साहाय्याचा पाया म्हणजे शेतकऱ्यांची स्वतःची पुंजी हाच होता.

त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात लोणीजवळ कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे पहिले गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. धनंजयराव त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुण्यातील संस्थेचा भार सांभाळून ते कारखान्याचे हिशेब व कारभार पाहत. ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. पुढे ह्या परिसरात शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालयही निघाले. प्रवरेचे उदाहरण पाहून महाराष्ट्रात अनेक सहकारी कारखाने उभे राहिले.

१९६७ साली धनंजयरावांची नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी निवड झाली. आता त्यांच्यापुढे एका तालुक्याचा नव्हे, तर साऱ्या देशाचा प्रश्न होता. राज्यांच्या योजनांना केंद्र सरकार पैसा देत असे. पण कोणत्या राज्यास किती द्यावयाचा, ह्याला निश्चित नियम नव्हता. त्यामुळे राज्याराज्यांत कुरबुरी होत. १९६९ साली धनंजयरावांच्या पुढाकाराने एक सूत्र ठरले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर ह्या अडचणीच्या प्रदेशांतील राज्यांची गरज आधी बाजूला काढावयाची. उरलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी साठ रुपये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावयाचे. दहा रुपये दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना, दहा कर गोळा करण्याच्या प्रयत्नांसाठी, दहा पाटबंधारे व वीज ह्यांच्या चालू असलेल्या मोठ्या कामांसाठी आणि दहा राज्यांच्या विशेष अडचणींसाठी. ह्या साहाय्यापैकी तीस टक्के अनुदान आणि सत्तर टक्के कर्ज असे. त्यामुळे गरजू राज्यास आधारही मिळे आणि पैसा जपून वापरण्याची जबाबदारीही त्याच्यावर येई. हेच ते प्रसिद्ध गाडगीळ सूत्र होय. त्यात पुढे बदल झाले, आणि २०१५ साली नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला; तरी वाटणी ठरलेल्या नियमाने व्हावी, ही त्यामागील दृष्टी मोलाचीच आहे.

त्याच वर्षी धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालील एका अभ्यासगटाने आणखी एक सूचना केली. प्रत्येक जिल्ह्याच्या गरजा पाहून तेथील शेती व धंद्यांना कर्ज मिळावे, अशी ती सूचना होती. तिच्यातूनच जिल्ह्यासाठी एक अग्रणी बँक नेमण्याची पद्धत सुरू झाली.

१९७१ साली धनंजयरावांनी दिल्लीतील पद सोडले. पुण्याकडे परत येत असता ३ मे १९७१ रोजी प्रवासातच त्यांचे निधन झाले.

सरकारी तिजोरीतील पैसा म्हणजे सर्व लोकांनी कररूपाने दिलेला पैसा. तो मिळविण्यापूर्वी आपला वाटा उचलावा, तो न्यायाने वाटावा आणि त्याचा चोख हिशेब ठेवावा, तरच त्याचे सार्थक होते. प्रवरेच्या काठी आणि दिल्लीच्या कचेरीत धनंजयरावांनी हेच कार्य निष्ठेने केले. म्हणूनच महाराष्ट्र त्यांचे स्मरण आदराने करतो.